टकळीचें सूत व दुष्काळांतील मदत
(व्यापारी, जमीनदार व देणगीदार गृहस्थांच्या विचारार्थ)

दुष्काळनिवारणाच्या कामास पैसा देणाऱ्या गृहस्थांच्या मनांत टकळीविषयीं एक शंका हटकून येते. हातानें फिरवावयाची वीतभर काडी, तिच्यावर निघणारा हातभर धागा; एवढ्याशा साधनानें उपाशी कुटुंबाच्या पोटांत काय पडणार? टकळीवर सूत कांतवून घेणें ही खरोखरीची मदत आहे, कीं मदतीचा नुसता देखावा?

शंका रास्त आहे. ज्याच्या गांठीचा पैसा खर्ची पडतो त्यास तो कशांत पडतो हें पाहण्याचा अधिकार आहे, आणि ज्यांच्या हातीं तो सोंपविला जातो त्यांच्यावर तें दाखविण्याची जबाबदारी आहे. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळें एका बाजूचेंच म्हणणें मांडून निवाडा मागण्याची आम्हांस संवय नाहीं. म्हणून या लेखांत टकळी म्हणजे काय, तिच्यावर सूत कसें निघतें, किती निघतें, त्याची किंमत काय, आणि तिच्याविरुद्ध कोणते आक्षेप टिकतात, हें क्रमानें सांगून शेवटीं आमची सूचना आपणांपुढें ठेवीत आहों.

१. हें काम कोणासाठीं

दुष्काळांत माणसें कशीं जगवावीं याचा व्यवस्थित विचार आपल्या देशांत शके १७९८-९९ च्या, म्हणजे इ. स. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर झाला. आपल्याकडील वृद्ध लोक संवत्सरांच्या नांवांवरून त्यास धाता-ईश्वराचा दुष्काळ म्हणत. त्यानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८८० साली निघाला, व पुढें दुष्काळाचे नियम, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाले. त्या नियमांनीं माणसांचे ढोबळमानानें दोन वर्ग केले. अंगांत काम करण्याची शक्ति असलेल्यांनीं तलाव, सडका, खडी यांच्या कामावर जावें. ज्यांस कांहींच करवत नाहीं त्यांस घरबसल्या फुकट मदत मिळावी. पुढें १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि माणसें खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर होतीं. त्या अनुभवांतून १९७७ चा रोजगार हमीचा कायदा जन्मास आला. त्याच्याही मुळाशीं अंगमेहनतीचें काम हीच कल्पना होती.

परंतु या दोन वर्गांच्या मध्यें एक तिसरा वर्ग नेहमींच राहतो. अंगावर पाजणारी आई, जिच्या हातांत बळ आहे पण पायांत नाहीं अशी म्हातारी, लंगडा किंवा पाठीनें अधू झालेला कुणबी, घरीं अंथरुणास खिळलेलें माणूस असल्यामुळें कामाच्या जागेपर्यंत जाऊं न शकणारी सून, यांस खडीवर पाठवितां येत नाहीं. आणि यांस फुकट धान्य घेण्याची लाज वाटते. अशीं माणसें मागावयास येत नाहींत, म्हणून यादींत येत नाहींत. आणि यादींत येत नाहींत, म्हणून शेवटीं त्यांचेच हाल अधिक होतात.

या तिसऱ्या वर्गाचा विचार आपल्या प्राचीन राजनीतींत झालेला आहे, ही गोष्ट फारशी प्रसिद्ध नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ साली म्हैसूर येथें छापून काढला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्ष, म्हणजे सूतखात्याचा अधिकारी, याचीं कर्तव्यें दिलीं आहेत. लोकर, कापूस, ताग इत्यादींचें सूत विधवा, अपंग स्त्रिया, निराधार मुली, वृद्ध दासी अशांकडून कांतवून घ्यावें असें तेथें सांगितलें आहे. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत त्यांच्याकडे दासी पाठवून आदरानें काम द्यावें. ज्या स्त्रिया पहाटे सूत घेऊन येतील त्यांच्या बाबतींत दिवा सूत तपासण्यापुरताच असावा. अधिकाऱ्यानें स्त्रीच्या मुखाकडे निरखून पाहिलें किंवा अन्य विषयाचें भाषण केलें तर त्यास दंड. वेतन देण्यास विलंब केला तर त्याहून अधिक दंड. आणि न केलेल्या कामाचें वेतन दिलें तरीही तोच अधिक दंड. त्या प्रकरणांत आजच्या काळास न शोभणाऱ्या क्रूर शिक्षाही आहेत; त्या अर्थातच सोडून द्यावयाच्या. परंतु काम घरपोंच द्यावें, आदरानें द्यावें, वेतन वेळेवर द्यावें, व कामावांचून वेतन देऊं नये, या चार गोष्टी कोणत्याही मदत-कमिटीनें आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्या अशा आहेत.

२. टकळीचें स्वरूप

कापसाचा किंवा लोकरीचा एक तंतु बोटांनीं ओढला तर सहज निसटतो. असे पुष्कळ तंतु एकाशेजारीं एक ठेवून त्यांस पीळ दिला, म्हणजे ते एकमेकांस घट्ट धरतात व धागा बनतो. तंतु सारखे ओढून देणें व त्यांस पीळ भरणें, एवढेंच कांतणें. पहिलें काम बोटें करतात. दुसरें काम टकळी करते.

टकळी म्हणजे सुमारें वीतभर लांबीची सरळ काडी व तिच्या खालच्या टोंकाजवळ बसविलेली वाटोळी चकती. काडी पितळेची, पोलादाची वा बांबूची असते. वरच्या टोंकास धागा अडकविण्यासाठीं आंकडी किंवा खांच असते. चकती धातूची मिळते. न मिळाल्यास घांसून वाटोळी केलेली खापरीही चालते. चकतीचें काम गति साठविणें हें आहे. बोटांनीं एकदां फिरवून सोडल्यावर टकळी आपल्याच वेगानें फिरत राहते ती चकतीच्या वजनामुळें. चकती रुंद असेल तर ती सावकाश पण पुष्कळ वेळ फिरते. लहान व आटोपशीर असेल तर वेगानें फिरते पण लौकर थांबते. चकती मध्यावर नीट बसली नसेल तर टकळी थरथरते व धागा तुटतो. म्हणून टकळी विकत घेतांना ती फिरवून पाहावी. चकचकीत आहे एवढ्यावर घेऊं नये.

हें साधन किती जुनें आहे याचा अंदाज उत्खननांवरून येतो. मोहेंजोदडो येथें चांदीच्या एका भांड्यास चिकटून राहिलेले कापसाच्या वस्त्राचे अवशेष सांपडले. आपल्या महाराष्ट्रांत नेवासें व चांडोली येथें ताम्रपाषाणयुगांतील तांब्याच्या मण्यांच्या माळांत धाग्याचे अवशेष मिळाले. इंग्लंडांत हारग्रीव्ह्ज, आर्कराइट व क्रॉम्प्टन यांचीं कांतण्याचीं यंत्रें १७६० ते १७८० या वीस वर्षांत निघालीं. तोंपर्यंत जगांतील बहुतेक वस्त्र, राजाचा शेला असो कीं मजुराचें पंचें असो, मनुष्याच्या हातानें फिरणाऱ्या टकळीवर नाहीं तर चरख्याच्या चातीवर कांतलेलें होतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. टकळी लोंबती ठेवून कांततां येतें, तसेंच तिचें टोंक वाटींत किंवा पाटीवर टेकवूनही कांततां येतें. लोंबत्या टकळीचें वजन धाग्यास सोसावें लागतें. लोकरीचे तंतु लांब असल्यामुळें तिच्या धाग्यास हें वजन सोसतें. कापसाचे तंतु आंखूड असल्यामुळें त्याचा बारीक धागा जड टकळीनें तुटतो. ढाक्याच्या प्रसिद्ध मलमलीचें सूत दाभणाएवढ्या बारीक लोखंडी चातीवर कांतीत. तिला मातीची लहानशी गोळी लावलेली असे व तिचें टोंक शिंपल्याच्या तुकड्यांत टेकवून फिरवीत. हवेंत दमटपणा असतांना, म्हणजे सकाळीं व संध्याकाळीं, हें काम चाले. तात्पर्य, बारीक सुतास हलकी व टेकलेली टकळी, जाड लोकरीस जड व लोंबती टकळी.

३. कांतण्याची रीत

प्रत्यक्ष रीत सांगितल्यावांचून पुढील हिशेब पटणार नाहीं, म्हणून ती थोडक्यांत देतों.

कापूस प्रथम वेंचून कचरा काढावा, सरकी वेगळी करावी, मग पिंजून तंतु मोकळे करावे व त्याचे बोटाएवढे सैल पेळू वळावे. पेळू हा कांतण्याचा आत्मा होय. पिंजण वाईट असेल तर कितीही कुशल हातानें चांगलें सूत निघत नाहीं.

चकतीच्या वरच्या बाजूस काडीला हातभर जुना धागा बांधावा व तो वर नेऊन आंकडींत अडकवावा. त्याच्या मोकळ्या टोंकास पेळूचें टोंक लावावें. पेळू डाव्या हाताच्या आंगठ्यांत व पहिल्या दोन बोटांत अलगद धरावा. उजव्या हाताच्या आंगठ्यानें व तर्जनीनें टकळी चुटकी वाजविल्याप्रमाणें फिरवून सोडावी. पीळ जुन्या धाग्यांतून वर चढतो व पेळूच्या टोंकाचे तंतु धरतो. त्याच क्षणीं डावा हात सावकाश वर न्यावा, म्हणजे पेळूंतून तंतु सरकत येतात व धागा लांबतो. पीळ पेळूच्या आंत शिरूं देऊं नये. शिरला कीं तंतु सरकत नाहींत व गांठ होते. हात पुरेल इतका धागा झाला कीं आणखी थोडा पीळ द्यावा, आंकडींतून धागा सोडवून चकतीच्या वर काडीवर गुंडाळावा, आणि पुनः पहिल्यापासून.

धागा बरा कीं वाईट हें ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. हातभर धागा घेऊन दोन्ही टोंकें जवळ आणावीं. तो मुळींच वळला नाहीं तर पीळ कमी. लगेच गुंतून त्याच्या गांठी होऊं लागल्या तर पीळ अधिक. सावकाश एकमेकांभोवतीं वळला तर पीळ बेताचा. सूत जितकें बारीक तितका त्यास पीळ अधिक लागतो. चौपट बारीक सुतास सुमारें दुप्पट. दुसरी गोष्ट सारखेपणाची. धाग्यांत कोठें जाड व कोठें बारीक असेल तर सगळा पीळ बारीक जागीं धांवतो, आणि जाड जागा पिळावांचून पोकळ राहते. असें सूत मागावर ताण्यांत घातलें तर वारंवार तुटतें, व विणकऱ्याचा अर्धा दिवस गांठी मारण्यांत जातो. म्हणून नव्या हाताचें सूत कधींही ताण्यास देऊं नये, बाण्यास वापरावें.

माणूस किती दिवसांत शिकतें? धागा न तुटतां निघूं लागण्यास कांहीं दिवस पुरतात. सारखें सूत निघण्यास कांहीं आठवडे लागतात. १९३७ साली वर्धा येथें मांडल्या गेलेल्या मूलोद्योगी शिक्षणाच्या योजनेंत लहान मुलांस आरंभीं टकळी दिली ती याच कारणानें, कीं ती स्वस्त आहे, मोडत नाहीं, व कोठेंही बसून चालवितां येते.

४. हिशेब

आतां व्यापारी गृहस्थांनीं लक्ष द्यावें असा भाग.

खादीच्या व्यवहारांत १,००० मीटर सुतास एक गुंडी म्हणतात, व एका किलोंत जितक्या गुंड्या बसतात तो त्या सुताचा अंक. नेहमींच्या वापराच्या कापडासाठीं ३३ अंकाचें सूत धरूं. म्हणजे एक किलो सूत ३३,००० मीटर. टकळीवर सराव झालेल्या हातानें ताशीं १०० मीटर सूत निघतें असें हिशेबापुरतें मानूं. आठ तासांत ८०० मीटर. तेव्हां एक किलो सुतास ४१ दिवस लागले.

कापडाकडून पाहूं. एका चौरस मीटर कापडांत दर सेंटिमीटरास १६ धागे ताण्याचे व १६ बाण्याचे धरले, तर १,६०० व १,६०० मिळून ३,२०० मीटर सूत. विणतांना होणारी आट व तूट धरून ३,५०० मीटर. नऊवारी लुगडें सुमारें साडेनऊ चौरस मीटरांचें. म्हणजे एका लुगड्यास तेंच ३३,००० मीटर, तेंच एक किलो, आणि तेच ४१ दिवस. अंगावर पाजणाऱ्या आईस किंवा म्हातारीस दिवसांतून आठ तास कांतणें होणार नाहीं. चार तास धरले तर लुगड्यास ८२ दिवस. पिंजणें, मांडणी करणें व विणणें हीं कामें वेगळींच.

गिरणीच्या त्याच अंकाच्या सुताचा एका किलोचा बाजारभाव आपल्यापैकीं सूत-कापडाच्या व्यापाऱ्यांस आमच्यापेक्षां अधिक चांगला ठाऊक आहे. त्या भावास ४१ नें भागावें; जी रक्कम येईल तेवढीच टकळीवरील एका पुऱ्या दिवसाच्या श्रमाची बाजारांतील किंमत, आणि तींतूनही कापसाची किंमत वजा व्हावयाची. त्या रकमेंत एका माणसाचें एका वेळचेंही जेवण होत नाहीं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम स्पष्ट सांगतों. टकळीवर कांतणाऱ्या माणसाचें पोट सुताच्या विक्रीवर भरेल असें जो कोणी आपणांस सांगेल, त्याच्या हिशेबावर विश्वास ठेवूं नये. १९३५ साली अखिल भारत चरखा संघानें कातकऱ्यास निदान जीवनवेतन मिळालें पाहिजे हें तत्त्व मान्य केलें, तें बाजारभावानें तें मिळत नव्हतें म्हणूनच. आणि तो प्रश्न चरख्याचा होता; टकळीवर त्याहूनही कमी सूत निघतें.

५. आक्षेप व त्यांचा विचार

मग टकळी हवी कशाला? पैसे अथवा धान्य सरळ वांटून कां टाकूं नये? हा पहिला आक्षेप.

याचें उत्तर असें कीं, आम्ही टकळीची तुलना नफ्याच्या धंद्याशीं करीत नाहीं, फुकट मदतीशीं करतों. फुकट दिलेल्या शंभर रुपयांतून कमिटीच्या हातीं परत कांहीं येत नाहीं. टकळीच्या कामावर दिलेल्या शंभरांतून थोडें का होईना, सूत परत येतें. परंतु हा लाभ गौण होय. मुख्य लाभ हा कीं, जी बाई मागावयास येत नाहीं ती कांतावयास तयार होते. तिचें नांव वहींत येतें. दर आठवड्यास कमिटीचा माणूस तिच्या दारीं जातो. घरांत पोर आजारी आहे, चूल पेटली नाहीं, हें त्यास दिसतें. टकळी ही मदत त्या घरापर्यंत पोंचविण्याची वाट आहे. तिच्यावर होणारा खर्च वेतनाचा म्हणून लिहावा, पण कमिटीनें मनांत तो मदतीचाच समजावा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, व तो तीनशें वर्षांपूर्वींचा आहे. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक परगण्यानें जवसाचा व भांगेचा वाख, लोकर, सूत, लोखंड इत्यादि कच्च्या मालाचा सांठा ठेवून गरिबांस काम द्यावें असें ठरविलें. त्यानंतर शंभर वर्षांनीं, १७०४ साली, डॅनियल डीफो यानें या पद्धतीवर असा हल्ला केला कीं, धर्मादाय पैशानें कांतवून घेतलेली प्रत्येक लडी बाजारांत आली म्हणजे स्वतःच्या कष्टानें कांतणाऱ्या दुसऱ्या एका गरीब कुटुंबाची तेवढी लडी पडून राहते. एकाचें पोट भरावयाचें तें दुसऱ्याचें काढून. या आक्षेपास उत्तर नाहीं, तोड मात्र आहे. मदतीच्या सुताचा माल कमिटीनें स्थानिक कारागिरांच्या मालापेक्षां स्वस्त विकूं नये, आणि शक्य तों तो बाजारांत न नेतां दुष्काळग्रस्तांच्याच उपयोगास लावावा.

तिसरा आक्षेप : चरखा असतांना टकळी कां? आपल्या देशांतील प्रसिद्ध उदाहरणें चरख्याचींच आहेत हें खरें. १९२२ च्या उत्तर बंगालच्या पुरानंतर आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं पूरग्रस्त भागांत चरखा नेला. १९२५ साली राजगोपालाचारी यांनीं तामिळनाडूंत तिरुचेंगोडजवळ पुदुपाळयम् येथें आश्रम काढून अवर्षणग्रस्त खेड्यांत कताईचें काम दिलें. चरख्यावर टकळीच्या कित्येक पट सूत निघतें, यांत वाद नाहीं. परंतु चरख्यास पैसा लागतो, जागा लागते, दुरुस्तीस माणूस लागतें, व तो येईपर्यंत आठवडे जातात. टकळी पहिल्या आठवड्यांत शंभर घरीं देतां येते. म्हणून टकळी ही पहिली पायरी. जिचा हात दोन महिन्यांत सुधारला तिला चरखा द्यावा. टकळीवरच कायमचें थांबणें ही कमिटीची चूक ठरेल.

६. कापूस कीं लोकर

वरील हिशेबांतूनच एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. टकळीची उणीव बारीक सुतांत सर्वांत अधिक जाणवते. धागा जसा जाड होतो तशी ती कमी होते.

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोलें हे तालुके अवर्षणाचे म्हणून प्रसिद्ध आहेत. तेच तालुके मेंढरांचेही आहेत. दख्खनी मेंढीची लोकर काळी, जाडीभरडी व राठ. तिचें तलम वस्त्र होत नाहीं, परंतु तिचीच घोंगडी होते. धनगरांनीं मेंढरें पाळावीं व कातरावीं, घरच्या बायकांनीं लोकर कांतावी, सनगरांनीं विणावी, चिंचोक्यांची खळ द्यावी, असा हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अलीकडे कातरणीची मजुरीही सुटत नाहीं अशी धनगरांची तक्रार आहे, व कित्येक ठिकाणीं लोकर फेंकून देण्यांत येते.

घोंगडीच्या जाड धाग्याची एका किलोस २,००० मीटर लांबी धरूं, व एका घोंगडीस दोन किलो लोकर धरूं. म्हणजे एकूण ४,००० मीटर. ताशीं १०० मीटरांच्या त्याच वेगानें ८०० मीटरांचा एक दिवस धरला तर घोंगडीस पांच दिवस. दिवसास चार तास धरले तरी दहा. लुगड्याचे ४१ दिवस व घोंगडीचे पांच, हा फरक लहान नव्हे. शिवाय लोकरीचे तंतु लांब असल्यामुळें धागा कमी तुटतो, लोंबती टकळी चालते, कच्चा माल गांवांतच मिळतो, आणि लोकरीचा पैसा त्याच गांवांतील मेंढरांच्या मालकास मिळतो. तयार घोंगड्या थंडींत त्याच दुष्काळग्रस्त कुटुंबांस देतां येतात, म्हणजे डीफोचा आक्षेपही बराचसा निवतो.

म्हणून आमचें मत असें कीं, अवर्षणाच्या मेंढपाळ तालुक्यांत टकळीचें काम लोकरीनेंच सुरू करावें. कापसाचें कांतणें जेथें पेळूंचा चांगला पुरवठा व जवळ विणकर आहे तेथेंच ठेवावें.

७. वहीचे नियम

जेथें अनेक घरीं माल द्यावयाचा व परत घ्यावयाचा तेथें वही नीट नसेल तर सद्धेतूचेंही वाटोळें होतें. आम्ही पुढील नियम सुचवितों.

(१) लोकर अगर पेळू वजन करून द्यावे व सूत लांबीनें मोजून घ्यावें. वेतन लांबीवर व सारखेपणावर द्यावें, केवळ वजनावर देऊं नये. कापूस हवेंतील ओल ओढून घेतो, आणि लोकर तर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शापर्यंत ओल हातास न कळतां धरून ठेवते. वजनावर वेतन दिलें तर प्रामाणिक बाई तोट्यांत व लबाड बाई नफ्यांत राहील.

(२) शिकण्याच्या काळांत सूत कितीही कमी निघालें तरी ठराविक किमान वेतन द्यावें. त्या काळांतील तूट कांतणारीकडून कापूं नये.

(३) वेतन सूत घेतलें त्याच दिवशीं द्यावें. दुष्काळांत आठ दिवस थांबलेला पैसा सावकाराच्या व्याजांत जातो.

(४) सूत घेणारा एक, मोजणारा दुसरा, व पैसे देणारा तिसरा असावा. बायकांच्या कामावर शक्य तों बाईच नेमावी.

(५) काम झालें नसेल तर वेतन म्हणून पैसे लिहूं नयेत. घर अडचणींत असेल तर मदत द्यावी, पण ती मदतीच्याच खात्यावर लिहावी. खोट्या नांवाची उदार नोंद पुढील वर्षीं सर्वच नोंदींवर संशय आणते.

(६) शाळेंत जाणाऱ्या मुलांकडून वेतनासाठीं कांतवून घेऊं नये.

८. विनंती

१८९६-९७ च्या दुष्काळांत सोलापूर येथील विणकऱ्यांस खडीवर न पाठवितां त्यांच्याच मागावर काम द्यावें, व त्यासाठीं स्थानिक व्यापारी व सरकार यांनीं एकत्र यावें, अशी योजना लोकमान्य टिळकांनीं मांडली होती. सरकारनें तेव्हां ती मान्य केली नाहीं. तींतील तत्त्व मात्र आजही खरें आहे : कारागिराचा हात खडीवर मोडला तर पाऊस पडल्यावरही तो धंद्यावर परत येत नाहीं. आणि असें काम उभें करण्यास व्यापारी, जमीनदार व दाते या तिघांचीही गरज असते.

व्यापारी बंधूंस विनंती ही कीं, त्यांनीं नुसती देणगी न देतां आपली विद्याही द्यावी : लोकरीची पारख, मालाची मोजदाद, कोठाराची जागा, आणि तयार घोंगड्या ठरल्या भावानें घेण्याचें वचन. जमीनदार बंधूंनीं आपल्या वाड्याची पडवी किंवा गोठ्याची एक बाजू पिंजण्यासाठीं व सूत मोजण्यासाठीं मोकळी करून द्यावी, आणि ज्यांच्याकडे पाणी व वैरण आहे त्यांनीं वाटेवरच्या मेंढरांस थारा द्यावा. कारण मेंढरें मेलीं तर लोकर नाहीं, आणि लोकर नाहीं तर वरील सर्व लेख व्यर्थ आहे. इतर देणगीदारांनीं आपली देणगी एका घराच्या नांवानें ठरवावी : एका घरास एक टकळी, शिकण्याच्या महिन्याचें किमान वेतन, व पुढील पावसापर्यंत दर आठवड्याचें वेतन. पैसा कोणत्या घरीं गेला, त्याबद्दल किती सूत आलें, व त्याची कोणास घोंगडी झाली, हें कमिटीच्या वहींत पाहण्याचा त्यांस अधिकार राहील.

टकळीनें दुष्काळ हटत नाहीं. तो हटतो पावसानें, पाण्याच्या सोयीनें, व शेतीच्या सुधारणेनें. परंतु पाऊस पडेपर्यंतचे महिने माणसांस काढावयाचे असतात. आणि त्या महिन्यांत ज्या घराकडे कोणीच जात नाहीं त्या घरीं वेतन व विचारपूस घेऊन जाण्यास हें साधन पुरेसें आहे. एवढ्याच मर्यादित कारणासाठीं आम्ही तें आपल्या उदार आश्रयास योग्य समजतों, व त्याचसाठीं आपली मदत मागतों.